कोळंबीची सालं आणि हळद

माझ्या आईच्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत. उरलेली दोन मी खाल्ली, असं माझा मोठा भाऊ चारचौघांत सांगतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याच्या अंगावर धावून गेले होते. आता नाही जात. दर वेळी वाटतं, द्यावी एक थोबाडीत, आणि दर वेळी हात खालीच राहतो. कारण तो पूर्ण खोटं बोलत नाही.

आमचं घर गोराईचं, कोळ्याचं. बाबांचे गुडघे गेले तेव्हापासून बोटीवर भाऊ जातो आणि आई खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात मासळी घेऊन बसते. तिचा हात कोयत्यावर चालतो तसाच पोरांवर चालायचा. लहानपणी मी शाळेतून मार खाऊन रडत आले, तर आधी ती मला एक ठेवून द्यायची, मग विचारायची, "कोणी मारलं?" आणि मग जिने मारलं तिच्या घरी जाऊन तिच्या आईच्या झिंज्या धरायची. माया आणि मार आमच्याकडे एकाच हाताने वाढला जायचा.

बाजारात तिला बघायला हवं होतं तुम्ही. जिवंत शिंगाळा, तो विषारी काट्यांचा मासा, फळीवर उड्या मारत असायचा, ती गिऱ्हाइकाशी भाव करता करता लाकडी दांडका उचलायची आणि डोक्यावर एकच घाव. खेकड्याच्या नांग्या ती बोलता बोलता मोडायची. कट कट आवाज यायचा आणि नवीन बायका पदर तोंडाला लावून मागे सरकायच्या. मी त्या फळीशेजारी बसून पाढे पाठ केले. रक्ताची मला भीती कधी वाटलीच नाही.

पुढे मी जे काम धरलं तेही मारायचंच. अंधेरीच्या एका कॉलेजात मी जंतू मारण्यावर पीएचडी करत होते. जंतू हल्ली औषधांना भीक घालत नाहीत, म्हणून जुन्या झाडपाल्यातलं काही त्यांच्यावर चालतं का ते बघायचं. माझ्या वाट्याला हळद आली. हळदीत जे पिवळं द्रव्य असतं ते जंतू मारतं, यात नवीन काही नाही, पण ते पाण्यात विरघळत नाही. जंतूंपर्यंत पोचतच नाही. गाळासारखं तळाला बसून राहतं. मग त्याला वाहून नेणारं काहीतरी लागतं, आणि ते वाहन म्हणजे नॅनो कण. इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. हळद त्या कणांत भरायची, कण पाण्यात तरंगतात, जंतूंना जाऊन चिकटतात आणि हळद त्यांच्या अंगात उतरवतात. निदान तसं व्हायला हवं.

हे कण ज्या भुकटीपासून करतात ती कोळंबीच्या सालांतून निघते. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी हे सांगितलं तेव्हा मी हसलेच. त्या म्हणाल्या, "बाटली मागवू या, आठवड्यात येईल." मी म्हटलं, "मॅडम, माझी आई ती पिशव्या भरभरून खाडीत टाकते."

तेव्हापासून दर सोमवारी मी गोराईहून कोळंबीची सालं घेऊन अंधेरीला यायचे. तीन पिशव्या एकात एक घातल्या तरी वास काही लपायचा नाही. रिक्षावाले नाक मुरडायचे, मी त्यांच्यावर खेकसायचे. प्रयोगशाळेतल्या एका पोरीने "ई, मच्छी मार्केट" म्हटलं, तर तिला मी सगळ्यांसमोर असं झापलं की ती आठवडाभर माझ्या टेबलाच्या बाजूला फिरकली नाही. माझं डोकं आईवर गेलंय, हे मला मान्य आहे.

ती सालं वाळवायची, दळायची. आम्लात टाकून त्यातला चुना काढायचा. मग हात जाळेल इतक्या कडक क्षारात तासन्‌तास उकळायची, म्हणजे चिकटलेलं मांस, सडका अंश, सगळं जळून जातं. उरते ती पांढरी निर्जीव भुकटी. ती व्हिनेगरमधल्या आम्लात विरघळवून त्यात हळदीचं द्रव्य थेंब थेंब सोडायचं की कण तयार होतात. हे सगळं मी इथे नीट सांगतेय, कारण आईला मी ते नीट सांगितलं नव्हतं. आईला मी सांगितलं ते एवढंच: तुझ्या कोळंबीची सालं आणि हळद, दोन्ही मिळून जंतू मारतात. मधलं सगळं मी गाळलं.

पहिला निकाल चांगला आला त्या दिवशी मी कॉलेजातून थेट बोरिवलीच्या बाजारात गेले. काचेच्या बशीत खाद्यावर जंतूंचा थर वाढवलेला असतो, दुधावरच्या सायीसारखा. त्यात भोक पाडून आपलं द्रावण घालायचं. दुसऱ्या दिवशी भोकाभोवती जेवढं स्वच्छ वर्तुळ, तेवढे जंतू मेले. माझं वर्तुळ रुपयाएवढं होतं. फोनवरचा फोटो मी आईच्या नाकापुढे धरला.

"हे काय?"

"जंतू. आणि हे मधलं गोल, तिथले मेले."

"मेले?"

"सगळे. तुझ्या कोळंबीने मारले."

आईने कोयता खाली ठेवला, ओले हात लुगड्याला पुसले आणि फोन हातात घेतला. मग अख्ख्या बाजारात ती तो फोटो घेऊन फिरली. "माझ्या पोरीने केलंय. ही आपली सालं, जी आपण फेकतो ना, ती. आणि हळद. डॉक्टर बिक्टर झक मारतील." मी मागे उभी राहून फुशारले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी तिला थांबवलं नाही.

आता माझी चूक सांगते. आमच्या कामात एक साधा नियम आहे. भरलेल्या कणांनी जंतू मारले असं म्हणायचं असेल, तर त्याच बशीत शेजारच्या भोकात रिकामे कण घालायचे, हळद न भरलेले. म्हणजे मारणारा कोण ते कळतं. मी तिथे रिकाम्या कणांऐवजी नुसतं पाणी घातलं होतं. मॅडमनी विचारलं, "रिकामे कण?" मी म्हटलं, "करते ना, पुढच्या बॅचला." आठ महिने ती पुढची बॅच आली नाही.

आळस होता का? थोडा होता. पण खरं कारण सांगितलं तर तुम्ही हसाल. आमच्या घरात रिकामी टोपली कुणाच्या दारात न्यायची नाही. सगळा माल खपला तरी आई टोपलीत एक बोंबील ठेवूनच बाजारातून उठते. रिकामी टोपली म्हणजे अवदसा. लहानपणी एकदा मी रिकामी टोपली डोक्यावर घेऊन शेजारच्या काकींच्या अंगणात गेले, तर पाठीत असा धपाटा बसला की टोपली एकीकडे आणि मी एकीकडे. आणि इथे आईने एकेक कोळंबी सोलून, काट्यांनी बोटं टोचून घेऊन जमवलेली सालं. चार दिवस खपून त्याची चिमूटभर भुकटी होते. ती भुकटी मी रिकामीच वापरून बेसिनमध्ये ओतू? माझा हातच जाईना. शिकलेली बाई, पण हातात आईचीच अक्कल.

पावसाळा संपता संपता कॉलेजात एक मोठी परिषद होती. माझं पोस्टर लागणार होतं. सलग दोन रविवार मी घरी गेले नाही, अंधेरीतल्या भाड्याच्या खोलीवरच राहिले. फोनवर आई नेहमीसारखी बोलायची. "हात जरा दुखतोय" असं एकदा म्हणाली, मी "तेल लाव" म्हटलं आणि पोस्टरचा रंग निवडत बसले.

मग भावाचा फोन आला. "आईचा हात बघायला ये. आणि येताना नाक बांधून ये."

दुपारची वेळ होती. आई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती, उजवा हात मांडीवर. हाताला जुन्या लुगड्याची चिंधी, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर रबर. अंगात ताप. पिशवी काढली तशी माझ्यासारखीनेही ओढणी नाकाला लावली. बारा दिवसांपूर्वी शिंगाळ्याचा काटा करंगळीच्या खाली तळहातात घुसला होता. आमच्याकडे काटे घुसतच असतात, त्याचं कुणी काही करत नाही. पण ही जखम तशी नव्हती. तळहात काळानिळा, करंगळी आणि शेजारचं बोट फुगून चकचकीत झालेलं, आणि जखमेच्या तोंडात पिवळी धम्मक लगदी भरलेली. मी कापसाने ती काढायला लागले. लगदीत काहीतरी टोचलं. मी उजेडात धरून पाहिलं. कोळंबीचं साल होतं.

"हे काय आहे?"

आईने हात मागे ओढला.

"आई, हे काय आहे? कोणी लावलं हे?"

"मीच," ती म्हणाली. "पाट्यावर वाटलं. सालं आणि हळद. रोज बदलते."

कच्ची सालं. बाजारातली, दिवसभर उन्हात पडलेली, ना उकळलेली ना धुतलेली. बारा दिवस तिने उघड्या जखमेत सडकं मांस भरलं होतं आणि वर झाकण लावलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले, "अगं, वेडी आहेस का तू? कोणी सांगितलं तुला हे करायला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. नवल वाटल्यासारखी.

"तूच ना गो," ती म्हणाली.

मी समोरची पिशवी उचलून अंगणात भिरकावली. वाटी भिरकावली. पाट्यावरचा वरवंटा उचलला तेव्हा भावाने माझं मनगट पिरगाळलं आणि तो खाली पडला. पायावर पडला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

बोरिवलीच्या हॉस्पिटलात जखम साफ केली तेव्हा मी आत होते. बधिर करायचं इंजेक्शन दिलं, पण इतक्या पूमध्ये ते नीट लागत नाही, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दोन नर्सनी खांदे दाबले, मी कोपर दाबलं. डॉक्टर मेलेलं मांस कापत गेले, खरवडत गेले. आयुष्यभर जिने माशांच्या पोटात बोटं घालून कोथळे काढले, ती आई गुरासारखी ओरडत होती. "एकवीरा आई! सोडा! मेले, मेले!" तिने दुसऱ्या हाताने माझे केस धरले आणि ओढले. मूठभर केस उपटले गेले. मी कोपर सोडलं नाही. चिमट्याच्या टोकाला डॉक्टरांनी सालाचा एक तुकडा धरला आणि विचारलं, "हे काय घातलंय?" मी म्हटलं, "माहीत नाही." तेवढं एक खोटं मी त्या खोलीत बोलले.

पूचा रिपोर्ट आला. औषधांची यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढे एकच अक्षर, आर. म्हणजे हे औषध या जंतूवर चालत नाही. घरात तो कागद वाचता येणारी मी एकटी. डॉक्टर म्हणाले, जी एक-दोन औषधं उरलीत ती सुरू करतोय, दोन-तीन दिवस वाट बघू, सूज वर चढली तर बोटं काढावी लागतील, उशीर केला तर पंजा. आईने फक्त "पंजा" ऐकलं. तिने हात छातीशी धरला, कुणी हिसकावून नेईल म्हणून.

बाहेर पॅसेजमध्ये भावाने मला भिंतीशी गाठलं.

"तुझं औषध आण."

"ते औषध नाहीये."

"मग बाजारात काय सांगितलंस? जंतू मेले, जंतू मेले. फोटो कसला दाखवलास?"

"ते बशीतले जंतू रे! हात म्हणजे काय काचेची बशी आहे? माणसावर ते कुणी कधी लावलेलं नाही."

"आईवर लावलं ना! तुझ्या नादानेच लावलं!" आणि त्याने मला थोबाडीत मारली. जाळी ओढणारा हात तो. कानात शिट्टी वाजली. माझ्या हातात आईच्या पेजेचा स्टीलचा डबा होता. मी तो फिरवला. त्याच्या भुवईवर बसला, भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं, पेज दोघांच्या अंगावर. मी परत मारला. वॉर्डबॉय मध्ये पडला नसता तर तिसरा बसला असता. त्याच हॉस्पिटलात, आईच्या खालच्या मजल्यावर, माझ्या भावाला चार टाके पडले. आमच्या घरचं प्रेम हे असं.

वर गेले तर आई जागी होती. सगळं ऐकलं होतं तिने. म्हणाली, "आण गो. जे हाय ते आण. हात गेला तर मी करू काय? कोयता काय दातात धरू?"

मी लगेच निघाले. खरंच आणायचं होतं का? हो, आणायचं होतं. लाज वाटते, पण आणायचं होतं. फ्रीजमध्ये कणांची बाटली तयार होती. डॉक्टरांना चोरून, पट्टी बदलताना दोन थेंब, असं मी डोक्यात सगळं ठरवलं होतं. अंधेरीला पोचले, बाटली हातात घेतली आणि मग माझ्यातलं जे काही थोडं शिकलेलं होतं ते बोललं. आईच्या उघड्या मांसावर जाण्याआधी एवढं तरी बघ, की नुसते कण काय करतात. आठ महिन्यांत जे केलं नव्हतं ते मी त्या दुपारी केलं. डब्यातली शेवटची भुकटी काढली, आईच्या सालांची, आणि रिकामे कण बनवले. नव्या बशीत एका भोकात भरलेले, दुसऱ्यात रिकामे. बशी उबेत ठेवली आणि खोलीवर जाऊन भिंतीकडे बघत बसले.

सकाळी बशी काढली. दोन्ही भोकांभोवती रुपयाएवढी वर्तुळं. पट्टी लावून मोजली. एक सूतही फरक नाही.

मी दोन्ही द्रावणांत आम्ल तपासायची कागदी पट्टी बुडवली. दोन्ही लाल. कण बनवल्यावर आम्ल धुऊन काढायचं असतं, तेही मी नीट काढलं नव्हतं. आठ महिने माझ्या जंतूंना हळदीने मारलंच नव्हतं, कोळंबीनेही नाही. व्हिनेगरने मारलं होतं. पोस्टर, बाजारभर फिरलेला फोटो, सगळी बोलाचीच कढी.

मी टेबलावरचा रिकामा बीकर उचलून भिंतीवर मारला. मग दुसरा. मग स्टँडसकट सगळ्या परीक्षानळ्या. काच लादीवर सांडली, ती पोरगी, मच्छी मार्केटवाली, किंचाळून बाहेर पळाली. जंतूंची बशी उचलली तेव्हा दारातून मॅडमचा आवाज आला. "ती नाही. ती खाली ठेव. आधी तिच्यातले जंतू वाफेत मारून टाक, मग रड." मी ती खाली ठेवली. मग लादीवर काचेतच बसले आणि ढसाढसा रडले. मॅडमनी बशीतली दोन वर्तुळं पाहिली, लाल पट्ट्या पाहिल्या. झाडू आणून माझ्या हातात दिला.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा भाऊ कॉटशेजारी बसला होता, भुवईवर पट्टी. आईने माझ्या हातांकडे पाहिलं. रिकामे.

"आणलं नाहीस?"

मी तिच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. या वेळी मधलं काही गाळलं नाही. सालं कशी उकळतात ते, रिकामे कण मी कधी केलेच नव्हते ते, व्हिनेगर.

"आई, हळदीने नाही मारले गं. माझंच चुकलं. मी खोटं सांगितलं तुला. मुद्दाम नाही, पण खोटंच."

आईने चादर गळ्यापर्यंत ओढली. मग म्हणाली, "म्हणजे आठ महिने तू लोणचं घालत होतीस?"

आणि तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. भाऊ मारायला उठलासुद्धा नाही. मारलं असतं तर मी मार खाल्ला असता.

दुसऱ्या दिवशी करंगळी आणि शेजारचं बोट काढलं. पंजा वाचला, हात वाचला, आई वाचली. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, "कुठे टाकली?" नर्स म्हणाली, "मावशी, ते सगळं पिवळ्या पिशवीत जातं, जाळायला." आई छताकडे बघत म्हणाली, "पिवळ्या?" आणि हसली. तिचं ते हसणं मला सहन झालं नाही, मी संडासात जाऊन उभी राहिले.

त्यानंतर मी अंधेरीला गेले नाही. मॅडमचे फोन घेतले नाहीत. बाजारात आईच्या जागेवर जाऊन बसले. कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, तिची बोटं मी घालवली, आता माझे हात तिचे. पण कोयता काय पुस्तक वाचून चालतो? सुरमईचे तुकडे वेडेवाकडे पडायचे. गिऱ्हाईक बायका म्हणायच्या, "तुझी आई कधी येणार गं?" एकीला मी म्हटलं, "कधीच नाही, घ्यायचं तर घे, नाहीतर चालती हो." शेजारच्या मावशींनी कपाळावर हात मारला. माझ्या डाव्या अंगठ्यावर दोन वार झाले. रक्त माशांच्या पाण्यात मिसळायचं आणि मी कापत राहायचे. दुखायचं, ते बरंच वाटायचं.

महिना-सव्वा महिन्याने, बाजार ऐन भरात असताना, आई समोर उभी राहिली. पट्टी निघालेली. हात अजून लाल, करंगळीच्या जागी शिवण. तिने फळीकडे पाहिलं, माझ्या तुकड्यांकडे पाहिलं, माझ्या अंगठ्याला गुंडाळलेल्या चिंधीकडे पाहिलं.

"कॉलेज?"

"सोडलं."

थोबाडीत अशी बसली की मी पाटावरून खाली. बर्फाच्या पेटीवर डोकं आपटलं. उजव्या हाताने मारली होती, त्याच. तिचं तिलाही दुखलं असणार, कारण ती हात काखेत दाबून वाकली आणि तशीच, वाकलेली, माझ्यावर ओरडली.

"दोन बोटं दिली ती तू इथे बसायला? माझी जागा घ्यायला? ऊठ! चूक केलीस ना? मग जा, नीट कर! मी एक शिंगाळा चुकीचा धरला म्हणून धंदा सोडला काय? ऊठ, नायतर दुसऱ्या गालावर देते, तीन बोटं हायत अजून!"

तीन बोटांची थप्पड पाच बोटांइतकीच लागते. मी गाल धरून उठले. तिने माझ्या हातातून कोयता काढून घेतला, धरून पाहिला. निसटला. परत धरला. तीनदा निसटला. मग अंगठ्याच्या खाली वेगळाच आवळून तिने एक बांगडा उचलला आणि कापला. तुकडा वाकडा पडला, माझ्याहून वाकडा. कुणी हसलं नाही. संध्याकाळी तिने सालांची पिशवी माझ्या हातात कोंबली, तीन पिशव्या एकात एक.

मी परत अंधेरीला गेले. मॅडमनी फुटलेल्या काचेची यादी दिली आणि टेबल दाखवलं. पहिल्या भुकटीचे मी रिकामे कण बनवले. सगळी भुकटी, एक चिमूट न राखता. ते धुतले, परत धुतले, आम्लाची पट्टी लाल व्हायची थांबेपर्यंत धुतले. बशीत घातले आणि काहीच झालं नाही. जंतू भोकाच्या कडेपर्यंत खुशाल वाढलेले. इतका आनंद मला त्या रुपयाएवढ्या वर्तुळानेही दिला नव्हता. मग हळद भरली, तसेच धुतले. कित्येक बॅच वाया गेल्या. एक दिवस रिकाम्या भोकाच्या शेजारी, भरलेल्या भोकाभोवती एक बारीक स्वच्छ कडं दिसलं. करंगळीच्या नखाएवढं. दुसऱ्यांदा केलं, तेवढंच आलं. तिसऱ्यांदाही.

फोटो काढला, पण दाखवायला जायला मी एक महिना लावला. शेवटी एका दुपारी बाजारात गेले. आई जागेवर होती. फळीवर शिंगाळा होता, जिवंत. भावाने शंभरदा सांगितलं तरी तिने शिंगाळा विकायचं सोडलेलं नाही, आधी पक्कडीने काटे मोडते एवढंच. मी फोन पुढे केला. तिने मान तिरकी करून पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि रिकामी? ती ठेवलीस बाजूला?"

आयुष्यभर रिकाम्या टोपलीवरून जिने आमच्या पाठी सुजवल्या, ती विचारत होती.

"ठेवली," मी म्हटलं. "आधी तीच केली. ही बघ, शेजारी. तिने काही मारलं नाही."

तिने ते रिकामं भोक भरलेल्यापेक्षा जास्त वेळ पाहिलं. मग मला विचारलं, "तेव्हा हे असतं, तर राहिली असती माझी बोटं?"

मला हो म्हणायचं होतं. जीव तुटत होता हो म्हणायला.

"माहीत नाही, आई."

तिने मान हलवली. फोटो कुणालाच दाखवायला नेला नाही, फोन माझ्या हातात परत दिला. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. शिंगाळा फळीवरून निसटत होता, तो तिने डाव्या हाताने दाबला, उजव्याच्या तीन बोटांत दांडका उचलला आणि एका घावात त्याला गप्प केलं.